बिनविषारी, तरी निर्धोक नव्हे
(घरात पाळलेला अजगर आणि लहान मूल)

अजगराला विष नसते, हे खरे. परंतु एवढ्याच भरवशावर बॉल पायथन, बोआ किंवा बर्मी अजगर घरी पाळण्याची हौस आपल्या शहरांतही शिरली आहे. घरात लहान मूल असेल तर या हौशीचा विचार वैद्यकीय दृष्टीने करणे अगत्याचे ठरते.

पहिला धोका विळख्याचा. ऑगस्ट २०१३ मध्ये कॅनडातील कॅम्पबेल्टन येथे, विदेशी प्राण्यांच्या दुकानावरील घरात झोपलेल्या चार व सहा वर्षांच्या दोन भावांचा आफ्रिकन रॉक पायथन जातीच्या अजगराने बळी घेतला. बंदिस्त जागेतून निसटलेला हा साप वायुवीजनाच्या मार्गाने छतात शिरून खाली पडला होता. विळख्यात भक्ष्य केवळ गुदमरून मरते, असा पूर्वीचा समज होता. स्कॉट बोबॅक व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये बोआच्या विळख्यातील उंदरांवर केलेल्या अभ्यासात रक्ताभिसरण काही सेकंदांतच कोलमडते, असे आढळले. सुटकेसाठी किती अल्प अवधी मिळतो, हे यावरून ध्यानी येईल.

दुसरा धोका अदृश्य, पण अधिक संभवनीय आहे. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या आतड्यातही साल्मोनेला जंतू असतात व विष्ठेवाटे बाहेर पडतात. सापाला स्पर्श न केलेल्या तान्ह्या बाळालाही पालकांचे हात, कपडे वा टाकी धुतलेले मोरीतील भांडे यांमार्फत संसर्ग होऊ शकतो. सापासाठी शीतपेटीत ठेवलेले उंदीरही जंतूंचे वाहक असतात. गोठवल्याने हे जंतू हमखास मरत नाहीत. मोठ्यांत जुलाबांवर निभावणारा हा आजार अर्भकांत रक्तदोष वा मेंदूज्वराचे रूप घेऊ शकतो. म्हणूनच पाच वर्षांखालील मूल असलेल्या घरात सरपटणारे प्राणी पाळू नयेत, असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे.

तिसरी बाब ओळखीची. घोणस अनेकदा अजगराचे पिल्लू समजून हाताळली जाते. त्यामुळे ‘अजगर चावला’ एवढ्या सांगण्यावर रुग्णाला घरी धाडू नये. त्याला निरीक्षणाखाली ठेवून रक्त गोठण्याची २० मिनिटांची चाचणी करावी. दंश खरोखर अजगराचा असल्यास प्रतिविष द्यावे लागत नाही. जखम स्वच्छ धुवावी, तुटून रुतलेले दात शोधावेत व धनुर्वाताच्या लसीची खात्री करावी.

कायद्याचेही भान हवे. भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पाळणे हा गुन्हा होय. २०२२ च्या दुरुस्तीनुसार अनुसूचित विदेशी प्रजाती बाळगणाऱ्यास नोंदणी करावी लागते. त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये लागू झाले. मात्र अशा नोंदणीने वरीलपैकी एकही धोका टळत नाही.

व्यवसायबंधूंना एक विनंती आहे. तापाने वा जुलाबाने आजारी बालकाचा पूर्वेतिहास घेताना, ‘घरी कोणता प्राणी पाळला आहे काय?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. पालकांनीही उत्तर लपवू नये. मुलाला सापांचे कुतूहल असेल तर ते जरूर जोपासावे. त्यासाठी सर्पोद्यान व चांगली पुस्तके आहेत.