रोहूच्या अंगावर लाल चट्टे

प्रश्न : गारगोटीजवळ आमचे 10 गुंठ्यांचे शेततळे आहे. थंडी पडल्यापासून मृगळ आणि रोहूच्या अंगावर लाल चट्टे, काहींना खोल जखमा आहेत. दुकानदार माणसांच्या अँटिबायोटिक गोळ्या खाद्यात मिसळायला सांगतो. देऊ का?

उत्तर : देऊ नका. वर्णनावरून हा व्रणरोग, म्हणजे ईयूएस वाटतो. तो ॲफॅनोमायसिस इन्व्हाडन्स नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळे होतो. अँटिबायोटिक त्याला मारत नाही, पैसे मात्र पाण्यात जातात. 1988 मध्ये हा रोग भारतात शिरला. पाणी गार झाले की तो उचल खातो. मरळ लवकर बळी पडतो, सायप्रिनस बहुधा सुटतो.

आधी एक मासा हातात घेऊन नीट पाहा. खवल्यांवर चपट्या, पारदर्शक, सरकणाऱ्या उवा दिसल्या तर दुखणे वेगळे आणि औषधही वेगळे.

व्रणरोगच असेल तर खाद्य कमी करा. सामू कमी असेल तर 20 किलो चुना भिजवून, पूर्ण निवल्यावर, थोडा थोडा करून पसरा. सामू साडेआठच्या वर असेल तर चुन्याला हात लावू नका. भुवनेश्वरच्या ‘सीफा’ संस्थेचे ‘सीफॅक्स’ हेक्टरी, मीटरभर खोलीला 1 लिटर लागते. तुमच्या तळ्याला दोन मीटर खोलीवर 200 मिली.

मेलेले मासे चुना टाकून पुरा, ओढ्यात फेकू नका. तो वेदगंगेला मिळतो. आजारी मासा बर्फात ठेवून कोल्हापूरच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवा.