आधी पाणी, मग हॉल

प्रश्न : मुलीच्या शिक्षणासाठी गेवराईहून बीडला येतोय. फ्लॅट भाड्याने घेताना काय पाहावं?

उत्तर : आधी पाणी. बीडला माजलगाव धरणाचं आणि बिंदुसरेचं पाणी असलं, तरी नळ रोज येत नाही. टाकी किती लिटरची, बोअर मे महिन्यात टिकतो का, टँकरचे पैसे कोण देतं, हे मालकाला नव्हे, शेजारणीला विचारा. जिन्याखाली ड्रमची रांग दिसली, तर उत्तर मिळालंच म्हणायचं. विजेचं मागचं बिल बघून घ्या. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची. ‘नोटरी केली की झालं’ यावर जाऊ नका. आणि डिपॉझिट रोख देऊ नका, बँकेतूनच द्या.