एक पास्कल, दोन व्याकरणे

प्रमाणभाषा कोणाची, हा प्रश्न आपण मराठीच्या संदर्भात नेहमी विचारतो. संगणकाच्या भाषांनाही तो चुकलेला नाही. निक्लाउस विर्थ यांनी १९७० च्या सुमारास मांडलेल्या पास्कलचे उदाहरण भाषेच्या विद्यार्थ्यांनी पाहावे असे मला वाटते. पास्कलचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८३ साली ठरले. त्याच वर्षी बोरलँडचे टर्बो पास्कल बाजारात आले आणि पुढे बहुतेकांनी प्रमाणाऐवजी त्याचेच वळण गिरवले. १९९५ पासून हा वारसा डेल्फीकडे आहे. तिला समांतर चालणारा मुक्त कंपायलर म्हणजे फ्री पास्कल.

भाषा एक, पण वाक्यरचना जागोजागी वेगळी. फंक्शनचे नुसते नाव लिहिले, तर ते चालवायचे, की त्याचा पत्ता साठवायचा? डेल्फी डाव्या बाजूच्या चलाचा प्रकार पाहून अर्थ लावते. फ्री पास्कल आपल्या मूळ रीतीत, पत्ता हवा असेल तर नावाआधी ‘ॲट’चे चिन्ह मागते. ‘राम आंबा खातो’ यात कर्म ओळखायला प्रत्यय लागत नाही. ‘राम गोविंदला शोधतो’ यातला ‘ला’ गाळला तर कोण कोणाला शोधतो हे कळायचे नाही. मराठी या दोन्ही रीती एकाच वेळी सांभाळते. डेल्फीने संदर्भावर भिस्त ठेवली, फ्री पास्कलने प्रत्ययावर. लिहिणाऱ्याला एक चिन्ह जास्त पडले, तरी वाचणाऱ्याच्या दृष्टीने मला दुसरी रीत बरी वाटते.

जेनेरिकची कथा मात्र व्याकरणापेक्षा सत्तेची आहे. जेनेरिक म्हणजे आतल्या मालाचा प्रकार मोकळा ठेवून लिहिलेला साचा. त्यात आकड्यांची यादी बसते, तशी नावांचीही. फ्री पास्कलने ही सोय २००७ साली, २.२ आवृत्तीत दिली. त्यासाठी ‘जेनेरिक’ आणि ‘स्पेशलाइझ’ हे शब्द लिहावे लागत. त्यानंतर आलेल्या डेल्फी २००९ ने तेच काम नुसत्या कोनी कंसांत भागवले. मागून आलेली रीत बाजाराच्या बळावर रूढ झाली आणि आधीची ‘वेगळी’ ठरली. फ्री पास्कलने ती टाकली नाही. शेजारी दुसरीही मान्य केली. फाइलच्या माथ्यावर ‘मोड डेल्फी’ अशी सूचना लिहिली, की खालचा मजकूर त्या व्याकरणाने वाचला जातो.

ही सूचना खुद्द डेल्फीला समजत नाही, ती तिथेच अडते. म्हणून दोन्हीकडे चालणारा मजकूर लिहिणारे त्या ओळीभोवती ‘कंपायलर फ्री पास्कल असेल तरच’ अशी अट घालतात. तरीही सगळे जुळत नाही. २०१८ च्या डेल्फी १०.३ मध्ये चल हवा तिथे, मजकुराच्या मध्येच घोषित करता येऊ लागला. फ्री पास्कलच्या ३.२ आवृत्तीत, मोड कोणताही असो, तो आधी वरच घोषित करावा लागतो.