कोंड्यावरून घसरलेले मनगट
दिवाळीच्या आसपास धान निघाले की मूल, सिंदेवाही, वडसा भागातल्या राईस मिल जोरात चालू लागतात आणि दवाखान्यात हात गळ्यात बांधलेली मंडळी दिसू लागतात. विचारले तर उत्तर ठरलेले, "माझंच लक्ष नव्हतं जी." मला ते पटत नाही. पाठीवर 50 किलोचे पोते असलेल्या हमालाने लक्ष द्यायचे तरी किती? जमीन घसरडी नसावी, वाटेत अडथळा नसावा, ही जबाबदारी 1948 च्या कारखाने कायद्याने कलम 32 मध्ये मालकावरच टाकली होती.

मिलमधला खरा चोर कोंडा. त्यात 15 ते 20 टक्के तेल असते. गुळगुळीत सिमेंटवर त्याचा पातळ थर बसला की कोरड्या जमिनीवरही पाय सरकतो. कोणी वरून बादलीभर पाणी मारतो, मग तर लगदाच होतो. सांडला की लगेच कोरडा झाडू मारा, पाळी संपायची वाट पाहू नका. ट्रकला लावायच्या फळीवर आडव्या पट्ट्या ठोका. उन्हातून गोदामात शिरले की काही क्षण डोळ्यांना काहीच दिसत नाही, म्हणून दाराशी दिवा हवा आणि रिकामा बारदाना तिथे पडलेला नको. रबरी चप्पल उलटी करून बघा. तळाची नक्षी पुसली असेल, तर ती कामावर घालू नका.

रोवणीत बांधीच्या चिखलात पडले तर सहसा कपडेच खराब होतात. हाड मोडते ते ओल्या धुऱ्यावरून पऱ्ह्यांचे ओझे नेताना. ओझे लहान करा, एक हात मोकळा ठेवा.

पडताना माणूस तळहात टेकतो, म्हणून मनगट जाते. सुजलेला भाग चोळू नका, तेल लावून ओढू तर मुळीच नका. गावात बांधून घेतलेल्या घट्ट पट्टीखाली बोटे गार, निळी किंवा बधिर झाली तर पट्टी तिथल्या तिथे सैल करा आणि दवाखाना गाठा. घोट्याला लागल्यावर चार पावले टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा. डोक्याला मार लागून उलटी झाली, गुंगी आली, तर 108 ला फोन करा.

आपल्या या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. तरणाताठा मजूर न पडताच लंगडत असेल, जांघेत दुखत असेल, तर सिकलसेलची तपासणी करा. या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते खचू शकते. असा माणूस साध्या पायरीवर अडखळतो आणि लोक त्याला धांदरट म्हणून मोकळे होतात.

दवाखान्यात आलात की कामावर पडलो हे स्पष्ट सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. लाजेपोटी किंवा मुकादमाच्या भीतीने "घरी पडलो" म्हणू नका. भरपाई मागायची वेळ आली तर तोच कागद कामी येतो.