एआयच्या रांगेबाहेर: हॉस्पिटलचं वायफाय सांभाळणारा इंजिनिअर

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांचा प्रश्न ठरलेला: "सर, कॉम्प्युटर किंवा एआयच हवंय, कुठं नंबर लागेल?" मुलगा शेजारी गप्प बसलेला असतो. स्पष्टच सांगतो, कोडिंगचा कंटाळा असलेल्या मुलाला नातेवाइकांत सांगायला बरं वाटतं म्हणून त्या शाखेत ढकलू नका. मेडिकल, सीए, स्पर्धा परीक्षा यांच्यावर ढिगानं माहिती मिळते. ज्याला वायरी, यंत्रं, सिग्नल यांत रस आहे, त्याच्यासाठी मला एक काम सुचवायचंय: हॉस्पिटलचं वायफाय सांभाळण्याचं.

मोठ्या हॉस्पिटलात पेशंट मॉनिटर, इन्फ्युजन पंप, नर्सच्या हातातला टॅब, यांतलं बरंच काही आता वायफायवर चालतं. एक्स-रे खोलीच्या भिंतीत शिसं असतं, तिथं सिग्नल अडतो. 2.4 गिगाहर्ट्झवर पॅन्ट्रीतला मायक्रोवेव्हही गोंधळ घालतो. पेशंटला आयसीयूतून ओटीकडे नेताना मॉनिटरनं एक अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल देणारं यंत्र) सोडून दुसरा पकडायचा, तोही संपर्क न तुटता. अ‍ॅक्सेस पॉइंट कुठं बसवायचे, हे कागदावर अंदाजानं खुणा करून ठरत नाही. प्रत्येक मजला फिरून सिग्नल मोजावा लागतो.

सुरक्षा त्याहून अवघड. नातेवाइकांचं वायफाय आणि उपचाराची यंत्रं एकाच नेटवर्कवर असता कामा नयेत. सगळ्या स्टाफला एकच पासवर्ड देण्याऐवजी 802.1एक्स ही पद्धत वापरून प्रत्येकाची ओळख स्वतंत्र तपासायची. जुन्या यंत्रांना डब्ल्यूपीए3 ही वायफायची नवी सुरक्षा पद्धत चालत नाही, त्यांची वेगळी सोय करायची. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस नोंदणी, रिपोर्ट सगळं हातानं लिहावं लागलं. नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते, हे कारण सरकारनं संसदेत सांगितलं. ही विभागणी करणारी माणसं आपल्याला हवीत.

वाट साधी आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचा तीन वर्षांचा डिप्लोमा; पुढं हवं तर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग. जोडीला सर्टिफिकेट परीक्षा: आधी नेटवर्किंगची सीसीएनए, मग वायरलेससाठी सीडब्ल्यूएनए. सुरुवातीला शिडीवर चढून केबल ओढाव्या लागतील, रात्री-अपरात्री फोन येतील. हे आधीच माहीत असू द्या.

पालकहो, फॉर्म भरण्याआधी जवळच्या हॉस्पिटलच्या आयटी विभागात परवानगी घेऊन मुलाला एक दिवस बसवा. काम पाहून तो जे म्हणेल, ते मधे न बोलता ऐकून घ्या.