हमरस्त्यावर उघडणारी दारे

रस्ता चौपदरी झाला की आपण खड्ड्यांवर, वेगावर, टोलवर बोलतो. त्याच्या कडेला किती दारे उघडतात, हे कुणी मोजत नाही. माझ्या मते अपघाताचे मूळ बऱ्याचदा तिथेच असते. दुभाजक सलग असेल, तर प्लॉटमधली गाडी डावीकडूनच आत येते आणि डावीकडेच बाहेर पडते. वाहनांच्या वाटा दोनच ठिकाणी भिडतात. त्याच दारासमोर दुभाजकाला कट दिला की त्या जागा नऊ होतात. ऊसहंगामात हे उघड दिसते. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर कटमध्ये तोंड घालून थांबतो आणि दुभाजक तेवढा रुंद नसल्याने मागची ट्रॉली जलद लेनमध्येच उभी राहते, अनेकदा लाल दिव्याशिवाय. ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. थांबायला तिला भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे 120 मीटर लागतात. अंधारात ती ट्रॉली तेवढ्या लांबून दिसतच नाही.

कट बुजवला तर धंदा बसेल, असे ढाबेवाले म्हणतात. पण बिनधोक आत-बाहेर करता येते, तिथेच कुटुंब घेऊन निघालेला माणूस गाडी वळवतो. शेतकऱ्याचे गाऱ्हाणे मात्र खरे आहे. रस्त्याने त्याचे शेत दुभंगले, आणि आता पलीकडच्या विहिरीवर जायला तीन किलोमीटरचा वळसा? म्हणूनच आधी सर्व्हिस रोड आणि भुयारी मार्ग, मग कट बंद, हा क्रम मोडू नये. तो मोडला की माणसे राँग साइडने येतात किंवा रातोरात दुभाजक फोडतात, आणि मग नुसत्या दंडाने काही साधत नाही.

राष्ट्रीय महामार्गाला पोचरस्ता जोडायला 2002 च्या नियंत्रण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. ती आधी घ्या, भराव नंतर टाका. दार वळणावर किंवा फाट्याला खेटून नको. शेजाऱ्याशी बोलून दोन प्लॉटना मिळून एकच दार ठेवता आले तर फारच उत्तम. गटारावर पुरेशा व्यासाचा पाईप घाला, नाहीतर पावसाळ्यात तुमच्या दारातला मुरूम डांबरावर पसरतो आणि दुचाकी घसरते. आणि फाटक इतके आत घ्या, की ते उघडेपर्यंत तुमची सर्वांत लांब गाडी शेपटासकट रस्त्याबाहेर उभी राहील.