पत्तेचोर आणि बरोक

प्रश्न : आम्ही अर्विंगला राहतो. फोर्ट वर्थच्या किंबेल म्युझियममध्ये पत्त्यांत लबाडी करणाऱ्यांचं एक बरोक चित्र पाहिलं. बरोक म्हटलं की आम्हाला गोव्याच्या चर्चमधली सोनेरी नक्षी आठवते, नाहीतर काळोखात उजळलेले संत. इथे ना संत, ना काळोख. मग हे बरोक कसं?

उत्तर : शंका रास्त आहे. काराव्हाज्जोच्या या साधारण १५९५ च्या चित्रातली भिंत खरोखरच उजळ आहे. अंधार चिरून येणारा तिरपा प्रकाश त्याने पुढे, १५९९-१६०० मध्ये, रोममधल्या संत मॅथ्यूच्या चित्रांत पुरेपूर वापरला. म्हणजे काळोख हे बरोकचं फक्त एक साधन. ओळख पटवायला दुसरीकडे पाहावं लागतं.

चित्रातला क्षण पाहा. भाबडा पोरगा हातातल्या पत्त्यांत गढलाय. मागे उभा असलेला साथीदार बोटांनी खूण करतोय आणि समोरच्या भामट्याचा हात पाठीमागे खोचलेल्या पत्त्यांकडे निघालाय. चोरी अजून व्हायची आहे, ती आपल्या मनात घडते. माणसं इतकी जवळ आहेत की आपणही टेबलाशी बसल्यासारखे. शिवाय ते लपवलेले पत्ते त्या पोराला दिसत नाहीत, आपल्याला दिसतात. गप्प राहिलो की आपणही कटात सामील! पाहणाऱ्याला असं चित्रात ओढून घेणं, हीच बरोकची ओळख.

हे चित्र चर्चसाठी नव्हतं. ते कार्डिनल देल मोन्तेने घेतलं आणि तोच काराव्हाज्जोचा आश्रयदाता झाला. पण पाहणाऱ्याला असं ओढून घेणं चर्चलाही हवं होतं. ट्रेंटच्या धर्मपरिषदेपासून (१५४५-६३) धर्मचित्रं सहज कळावीत, भाविकाच्या काळजाला भिडावीत, असा आग्रह होता. त्यामुळे पत्तेचोर रंगवणाऱ्या हाताला लवकरच संतांची कामं मिळाली. बरोक म्हणजे निव्वळ कॅथलिक कला, असंही समजू नका. प्रॉटेस्टंट हॉलंडमध्ये रेम्ब्राँने हाच छायाप्रकाश व्यक्तिचित्रांत आणला.

तुमचा काळोख किंबेलमध्येच आहे. जॉर्ज द ला तूरच्या १६३० नंतरच्या चित्रात तीच लबाडी, कमरेमागे किलवरचा एक्का. पण मागे गडद अंधार, माणसं निश्चल आणि सगळा कट फक्त तिरक्या नजरांत. मला हे चित्र अधिक बेरकी वाटतं.

तिथेच पूसँचं एक चित्र आहे : येशू पीटरला किल्ल्या देतो ते. काळ जवळपास तोच, पण रचना शांत, मोजूनमापून केलेली. शतक पाहून त्यालाही बरोक म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही.